हॉट टबचं पाणी कसं सांभाळायचं: खडकवासल्याच्या नळापासून बोअर-टँकरपर्यंत

बाराशे लिटर पाणी, ३८ अंश तापमान आणि चार माणसं. हॉट टबची जवळजवळ प्रत्येक तक्रार या तीन आकड्यांतून निघते. लाखभर लिटरच्या तरणतलावात चार जण उतरले, तर एकेकाच्या वाट्याला पंचवीस हजार लिटर पाणी येतं, टबमध्ये तीनशे. सगळ्यांचा घाम, अंगाचं तेल, कपड्यांतला साबण त्या एवढ्याशा पाण्यात उतरतो. त्यातून पाणी गरम, म्हणून क्लोरीन भराभर खर्च होतो. जेट सुरू केले की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच (पाणी आम्ल आहे की अल्कधर्मी, याचं माप) चढतो. हीटरच्या तापलेल्या पृष्ठभागावर क्षार आधी बसतो. म्हणून तलाव सांभाळणाऱ्या माणसाचा हात टबवर बहुधा चुकतो: गोळ्या तलावाच्या, मापं तलावाची आणि तपासणीही तलावासारखी आठवड्यातून एकदा.

हे सगळं पाणी दोन-तीन महिने तेच ठेवून गाळत-फिरवत वापरायच्या टबसाठी आहे. दर वेळी भरून लगेच रिकामी होणाऱ्या बाथरूममधल्या जकुझीला यातलं फारसं काही लागत नाही.

आधी लिटर मोजा

टबवरच्या पाटीवर क्षमता लिहिलेली असते, पण ती कधी काठोकाठ भरल्याची असते. लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार तर हमखास जास्त येतो, कारण आतल्या बैठकी जागा खातात. सोपा उपाय: भरताना ज्या पाइपने भरणार त्याच पाइपने २० लिटरची बादली भरा आणि वेळ बघा. बादलीला ८० सेकंद लागले म्हणजे मिनिटाला १५ लिटर. टब भरायला ८० मिनिटं लागली, तर पाणी १,२०० लिटर. नळाचा दाब मध्येच बदलत असेल तर दोन-तीनदा बादली लावून सरासरी काढा. हा आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढचं प्रत्येक माप त्यावरच अवलंबून आहे. खालची सगळी उदाहरणं १,२०० लिटरची आहेत.

रसायनं ग्रॅममध्ये तोला. स्वयंपाकघरात असतो तसा एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरतो, फक्त तो रसायनांसाठी वेगळा ठेवा. चमच्याचं माप पावडर किती बारीक, त्यावर बदलतं. द्रव पदार्थांसाठी प्लॅस्टिकचा मोजपात्र-ग्लास घ्या.

तपासणीचं किट निवडताना मात्र चूक करू नका. सोसायटीची टाकी किंवा गावची पाणीयोजना तपासायला जे ओटीचे थेंब वापरतात, ज्यांनी पाणी पिवळं होतं, ते टबला उपयोगाचे नाहीत. त्यात एकूण क्लोरीन दिसतो. त्यातला किती मोकळा म्हणजे कामाचा आणि किती घामाशी जखडून निकामी झालेला, हे त्यात नीट वेगळं कळत नाही. डीपीडी पद्धतीचं, गुलाबी रंग येणारं किट घ्या. रंग जुळवण्यापेक्षा थेंब मोजून रंग घालवायची पद्धत मिळाली तर फारच उत्तम, तिच्यात अर्ध्या पीपीएमपर्यंत अचूक आकडा येतो (पीपीएम म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम). रंग जुळवायच्या किटमध्ये क्लोरीन १० पीपीएमच्या पुढे असला तर गुलाबी रंग येऊन लगेच उडतो, किंवा येतच नाही. मग ‘क्लोरीन संपलाय’ असं समजून आणखी ओतला जातो. शंका आली तर टबचं एक माप पाणी तीन माप बिनक्लोरीनच्या पाण्यात मिसळून पुन्हा तपासा आणि उत्तराला चारने गुणा. पट्ट्या रोज नजर टाकायला ठीक. त्यांच्या भरवशावर अ‍ॅसिड ओतू नका. किटचे द्रव वर्षभरानंतर बदलायचे, आणि एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवायचे नाहीत.

गाठायचे आकडे असे:

पीएच ७.२ ते ७.८, मन लावून सांभाळायचा तर ७.४ ते ७.६
अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद, मुख्यतः बायकार्बोनेटमुळे) ५० ते ८० पीपीएम
कॅल्शियमचा कठीणपणा १५० ते २५० पीपीएम
मोकळा क्लोरीन ३ ते ५ पीपीएम, टबमध्ये उतरताना ३ च्या खाली कधीच नाही
जखडलेला क्लोरीन ०.५ पीपीएमच्या आत
सायन्युरिक अ‍ॅसिड (क्लोरीनला आवर घालणारं) साधारण ३० पीपीएम, त्याहून जास्त नको

अल्कलिनिटी ८० ते १२० ठेवा असं पुष्कळ माहितीपत्रकांत छापलेलं असतं. तो आकडा मुळात तलावांचा. जेट असलेल्या टबमध्ये ती जितकी जास्त तितका पीएच जोरात चढतो, म्हणून इथे मुद्दाम कमी दिला आहे.

तुमच्याकडे पाणी कुठलं येतं?

पुण्यात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. पेठांत, कोथरूडला, सहकारनगरला नळाला येणारं खडकवासल्याचं पाणी धरणाचं, पावसाचं. ते मऊ असतं. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या फटींतून आलेलं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. त्याचा कठीणपणा ३०० च्या वर सहज जातो. वाघोली, उंड्री, बाणेरच्या वरच्या अंगाला जिथे टँकरवर भिस्त आहे, तिथे आजचा टँकर आणि पुढच्या महिन्यातला टँकर एकाच विहिरीचा असेल याची खात्री नाही. म्हणून टँकरवाल्यांनी दर भरणीला नव्याने तपासायचं, मागच्या वेळचं माप डोळे झाकून वापरायचं नाही.

चौथा प्रकार लोकांना सर्वांत जास्त चकवतो: सोसायटीने बोअरवर बसवलेला सॉफ्टनर. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतो, पण बायकार्बोनेटला हात लावत नाही. म्हणजे कठीणपणा जवळजवळ शून्य आणि अल्कलिनिटी मात्र होती तेवढीच, २५०-३००. साबणाला फेस छान येतो म्हणून लोक हे पाणी टबसाठी उत्तम समजतात, आणि मग पीएच दर दोन दिवसांनी ८ च्या पुढे का जातो ते कळत नाही. या पाण्याला अ‍ॅसिडही लागतं आणि कॅल्शियमही.

दोन प्रकारचं पाणी हाताशी असेल तर मिसळणं सगळ्यात स्वस्त पडतं. समजा बोअरचा कठीणपणा ४०० आहे आणि नळाचा ४०. तुम्हाला १५० हवाय. १५० मधून ४० वजा केले, ११०. ४०० मधून ४० वजा केले, ३६०. ११० भागिले ३६० म्हणजे सुमारे ३० टक्के. बाराशे लिटरमध्ये ३६० लिटर बोअरचं आणि बाकीचं नळाचं. कॅल्शियम विकत घ्यायला नको आणि अल्कलिनिटीही आटोक्यात राहते.

आणि वार बघा. दुरुस्तीच्या कामांसाठी पुण्यात पाणी बहुतेक वेळा गुरुवारी बंद असतं, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने येतं. रिकामे झालेले पाइप पुन्हा भरतात तेव्हा आतला गाळ सुटतो. टब त्या पाण्याने भरू नका, शनिवार-रविवारपर्यंत थांबा. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं म्हणून टबमध्ये तुरटी फिरवायची सवय मात्र टबबाहेर ठेवा. तुरटीने गाळ खाली बसतो खरा, पण टबचा पंप त्याला बसू देत नाही. तो चिकट लगदा फिल्टरच्या घड्यांत जाऊन अडकतो, शिवाय अल्कलिनिटी आणि पीएच खाली येतात.

भरणी आणि पहिला दिवस

मेन स्विच बंद ठेवा. फिल्टर काढा आणि पाइपचं तोंड फिल्टरच्या खोबणीत सोडून भरा. पाणी तळातून वर चढतं आणि पंपात हवा अडकत नाही. हवा अडकली की पंप गुणगुणतो पण पाणी फिरत नाही, आणि हीटर ‘फ्लो’ची चूक दाखवून बंद पडतो. पाणी जेटच्या वर आलं की फिल्टर बसवा, वीज सुरू करा, पाणी ३० अंशांच्या वर जाऊ द्या आणि मग तपासा.

क्रम असा: बोअरचं पाणी असेल तर आधी लोह-धातू धरून ठेवणारं द्रव, मग अल्कलिनिटी, मग कॅल्शियम, मग पीएच, सगळ्यात शेवटी क्लोरीन. दोन रसायनांमध्ये अर्धा तास जेट चालू ठेवा. पावडर बादलीभर पाण्यात विरघळवून ओता. नेहमी पाण्यात रसायन, रसायनावर पाणी कधीच नाही.

अल्कलिनिटी कमी असेल (नळाच्या पाण्यात अशी शक्यता असते) तर खायचा सोडा. १,००० लिटरला १० पीपीएम वाढवायला १७ ग्रॅम लागतो, म्हणजे आपल्या टबला २० ग्रॅम. अल्कलिनिटी ४० वरून ६० वर न्यायची तर ४० ग्रॅम. धुण्याचा सोडा वेगळा आणि पापडखारही वेगळा. दोन्हींनी पीएच एकदम उडी मारतो. किराणा दुकानातला खायचा सोडाच घ्या, ‘स्पा’ लिहिलेल्या महागड्या डब्यात तोच असतो.

अल्कलिनिटी जास्त असेल, तर तिथे धीर लागतो. २०० ते ३०० अल्कलिनिटीचं पाणी एका दमात ६० वर आणायला गेलात तर पीएच इतका खाली जाईल की हीटरचा धातू आणि पंपाचं सील खाल्लं जाईल. टप्प्याटप्प्याने करा. १,००० लिटरला १० पीपीएम उतरवायला ३० ते ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड साधारण २० मिली लागतं, किंवा सोडियम बायसल्फेटची पावडर २४ ग्रॅम. ३०० अल्कलिनिटीच्या आपल्या टबात एका वेळी ८० ते १०० मिली अ‍ॅसिड बादलीभर पाण्यात मिसळून जेटसमोर हळूहळू ओता. पीएच ७ च्या आसपास येईल. आता सगळे जेट आणि हवेचे नॉब पूर्ण उघडून झाकण काढून टब चालू ठेवा. पाणी खळखळलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच आपोआप ७.६ पर्यंत वर येतो. अल्कलिनिटी मात्र खालीच राहते. मग पुन्हा ८०-१०० मिली. अल्कलिनिटी उतरत जाईल तसं हे माप कमी करत न्या, १०० च्या खाली आल्यावर ३० मिलीच्या वर नको. ३०० वरून ८० वर यायला एकूण सुमारे ५३० मिली अ‍ॅसिड आणि दोन-तीन दिवस लागतात. एकदा केलं की पुढचे दोन महिने सुखाचे.

अ‍ॅसिड घेताना रंग बघा. पिवळसर अ‍ॅसिडात बहुधा लोह असतं, ते पाण्यात उतरून डाग पडतात. रंगहीन घ्या. संडास साफ करायच्या बाटलीतलं अ‍ॅसिड कितीही सोपं वाटलं तरी नको, त्यात साबण आणि रंग असतात. हातमोजे, चष्मा आणि उघड्यावर काम, यात सूट नाही.

कॅल्शियम कमी असेल तर कॅल्शियम क्लोराइड, दोन पाणी-रेणूंचं (डायहायड्रेट) असेल तर १,००० लिटरला १० पीपीएमसाठी १५ ग्रॅम. ५० वरून १५० वर न्यायला आपल्या टबला १८० ग्रॅम. ते विरघळताना बादली चांगलीच गरम होते, म्हणून थंड पाणी घ्या आणि दोन हप्त्यांत टाका. खायच्या सोड्यानंतर लगेच टाकलं तर पाणी दुधासारखं होतं, कारण तिथेच चुन्याची पूड तयार होते. अर्ध्या तासाचा नियम यासाठीच. कॅल्शियम फार कमी असलं की फेस लवकर येतो आणि पाणी धातूला खातं. जास्त असलं की ते पहिल्यांदा हीटरच्या नळीवर बसतं, कारण चुना गरम पाण्यात कमी विरघळतो. मग हीटर तेवढीच वीज खाऊन कमी तापवतो, आणि शेवटी जळतो.

पीएचला रोज हात लावत बसू नका. अल्कलिनिटी ठीक असेल तर तो ७.८ च्या आसपास स्वतःच स्थिरावतो. ७.८ ओलांडला तरच अ‍ॅसिड, तेही १५ ते २० मिली, आणि परत मापायचं. सारखं अ‍ॅसिड, मग खाली गेला म्हणून सोडा, मग वर गेला म्हणून अ‍ॅसिड, या फेऱ्यात नुसतं मीठ साठत जातं.

पीएच चढायचा वेग आणखी कमी करायचा असेल तर शुद्ध बोरिक अ‍ॅसिड टाकता येतं: ५० पीपीएम बोरॉनसाठी १,००० लिटरला २८६ ग्रॅम, एकदाच, दर भरणीला. कॅरमची पावडर म्हणून मिळते ती नको, तिच्यात इतर काही मिसळलेलं असू शकतं. घरात कुत्रा असेल आणि तो टबचं पाणी पीत असेल तर बोरिक टाकूच नका.

क्लोरीन: कुठला, किती, कधी

पीएचचं आणि क्लोरीनचं नातं आधी लक्षात घ्या. पाण्यात टाकलेला मोकळा क्लोरीन दोन रूपांत असतो, त्यातलं एकच जंतू वेगाने मारतं. पीएच ७.२ ला सुमारे दोन तृतीयांश त्या रूपात असतो, ७.५ ला निम्मा, ८ ला एक चतुर्थांशाहूनही कमी. किटमध्ये ४ पीपीएम दिसतोय आणि पीएच ८.२ आहे, तर त्या ४ वर विसंबू नका.

बाजारात चार गोष्टी मिळतात. सोसायटीच्या टाकीत टाकतात ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टबमध्ये चालत नाही: तिच्यात बराच चुना असतो, न विरघळलेला गाळ फिल्टरमध्ये जातो आणि कठीणपणा वाढतो. तलावाच्या पांढऱ्या गोळ्या, ट्रायक्लोर, अतिशय आम्लधर्मी. तरंगत्या डबीत टाकल्या की ती डबी जिथे टेकेल तिथला अ‍ॅक्रिलिक खराब होतो आणि सायन्युरिक अ‍ॅसिड भराभर साठतं. टबसाठी उरतात दोन: डायक्लोरचे दाणे आणि सोडियम हायपोक्लोराइट, ज्याला सगळे नुसतं ‘हायपो’ म्हणतात.

दोन्ही वापरायचे, एकामागून एक. ५६ टक्क्यांच्या डायक्लोरचे १.८ ग्रॅम १,००० लिटरमध्ये १ पीपीएम क्लोरीन देतात आणि जवळजवळ तेवढंच, ०.९ पीपीएम, सायन्युरिक अ‍ॅसिड मागे ठेवतात. हे अ‍ॅसिड थोडं असलं तर क्लोरीनला आवर घालतं, त्यामुळे पाणी त्वचेला आणि डोळ्यांना सौम्य लागतं. साठत गेलं तर क्लोरीनला इतकं धरून ठेवतं की तो असून नसल्यासारखा. म्हणून नव्या भरणीत पहिले काही दिवस डायक्लोर वापरा. आपल्या १,२०० लिटरच्या टबात एकूण ७० ग्रॅम डायक्लोर गेलं की सायन्युरिक ३० च्या जवळ पोहोचतं. तिथे थांबायचं आणि पुढे पाणी बदलेपर्यंत हायपोच. डायक्लोर किती टाकलं याची नोंद वहीत ठेवा. हा एक आकडा विसरला की पुढच्या गढूळ पाण्याचं कारण सापडत नाही. हॉटेल-रिसॉर्टसारख्या सार्वजनिक टबमध्ये सायन्युरिक मुळीच नको, असा अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा सल्ला आहे. तिथे पहिल्या दिवसापासून हायपो वापरा.

१० टक्के हायपोचे १० मिली १,००० लिटरला १ पीपीएम देतात. पण कॅनवर १० लिहिलंय म्हणून आत १० असेलच असं नाही. उन्हात ठेवलेल्या दुकानातल्या कॅनची ताकद दोन-तीन महिन्यांत निम्म्यावर येते. तपासायची रीत सोपी आहे: कुणीही न वापरलेल्या टबमध्ये क्लोरीन मोजा, ६० मिली हायपो टाका, १५ मिनिटं फिरवा, पुन्हा मोजा. ५ पीपीएम वाढला तर १० टक्के. ३ च वाढला तर तो ६ टक्के झालाय आणि प्रत्येक माप सुमारे १.७ पट घ्यायचं. पाच लिटरचा कॅन घ्या, सावलीत ठेवा, पन्नास लिटरचा स्वस्त कॅन घरच्या टबला महागच पडतो.

किती टाकायचं हे माणसांवरून ठरतं, तारखेवरून नाही. गरम पाण्यात एक माणूस एक तास बसला की साधारण ९ ते १० ग्रॅम क्लोरीन खर्च होईल एवढी घाण मागे सोडतो. म्हणजे १० टक्के हायपो सुमारे ९० ते १०० मिली. चार जण अर्धा तास बसले, तर दोन माणूस-तास: १८० ते २०० मिली. माप ऐकून दचकायला होतं, पण ते सगळं रात्रीतून खर्च होतं. बाहेर पडल्यावर लगेच टाका, जेट सुरू ठेवा आणि झाकण वीस मिनिटं उघडं ठेवा, नाहीतर वाफेतला क्लोरीन झाकणाचं आतलं कापड आणि उश्या खातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा. ३ च्या आसपास उरला असेल तर माप बरोबर. शून्य असेल तर पुढच्या वेळी दीडपट. ६-७ असेल तर कमी करा, आणि ५ च्या खाली येईपर्यंत कुणाला उतरवू नका. हे सकाळचं एक माप सगळ्या तक्त्यांपेक्षा खरं. ज्या दिवशी टब वापरला नाही त्या दिवशी १५ ते २५ मिली पुरे होतात. ओझोनेटर असेल तर न वापरलेल्या दिवशीही क्लोरीन जास्त उतरतो, कारण ओझोन त्यालाही खातो. ओझोन किंवा यूव्ही आहे म्हणून क्लोरीन नको, हा गैरसमज आहे. ती यंत्रं पाइपातून जाणारं पाणी शुद्ध करतात, टबमध्ये शेजारी बसलेल्याच्या अंगावरून आलेला जंतू त्यांना दिसत नाही.

कधी वापरण्यात खंड पडला असेल तेव्हा टब रिकामा असताना रात्री आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळी क्लोरीन मोजून बघा. चोवीस तासांत चौथ्या हिश्श्याहून फार जास्त गेला असेल (ओझोन असेल तर निम्म्याहून जास्त), तर पाण्यात किंवा पाइपात काहीतरी वाढतंय.

तीन जोड्या एकत्र येऊ द्यायच्याच नाहीत. हायपो आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, एकाच मोजपात्राने दोन्ही मोजू नका. डायक्लोर किंवा ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर एका डब्यात आली तर पेट घेते. आणि ओला चमचा कुठल्याही पावडरीत नको.

बिघाड ओळखा

नाकात जाणारा ‘क्लोरीनचा वास’ म्हणजे बहुधा क्लोरीन कमी पडल्याचं लक्षण आहे. घामातल्या नायट्रोजनशी जखडलेला क्लोरीन तो वास देतो. एकूण क्लोरीनमधून मोकळा वजा करा, ०.५ च्या वर असेल तर त्या जखडलेल्याच्या दहापट मोकळा क्लोरीन एकदम द्या. जखडलेला १ पीपीएम असेल तर १० पीपीएम, म्हणजे १२० मिली हायपो, झाकण उघडं, जेट चालू.

पाणी गढूळ झालं तर आधी क्लोरीन, मग पीएच, मग फिल्टर, याच क्रमाने बघा. क्लोरीन शून्य असेल तर बाकी काही तपासायची गरजच नाही. क्लोरीन ठीक आणि पीएच ८ च्या वर असेल तर चुना बाहेर पडतोय. दोन्ही ठीक असतील तर फिल्टर.

भरल्यावर पहिल्यांदा क्लोरीन टाकताच पाणी तपकिरी किंवा हिरवट झालं, तर ते शेवाळ नव्हे. बोअरमधलं लोह किंवा तांबं. धातू धरणारं द्रव टाका, फिल्टर दोन दिवसांत तीनदा धुवा.

फेसाचं कारण बहुतेक वेळा साबण. पोहण्याचे कपडे वॉशिंग पावडरने धुतलेले असतात, त्यातला साबण जेटने घुसळला जातो. टबचे कपडे नुसत्या पाण्यात खळबळून वाळवायचे. दुसरं कारण तेल. दिवाळीत अभ्यंगस्नान करून, अंगाला तेल-उटणं तसंच ठेवून कुणी टबमध्ये उतरलं, तर काठाला चिकट कडं येतं आणि फिल्टर एका दिवसात बुजतो. डोक्याला खोबरेल लावलं असेल तर केस बांधून वर ठेवा. आधी साबणाशिवाय गरम पाण्याखाली एक मिनिट उभं राहिलं तरी क्लोरीनची गरज चांगलीच घटते.

टबमध्ये बसल्यावर काही तासांपासून दोन-तीन दिवसांत, विशेषतः कपड्याखालच्या त्वचेवर, खाजरे लाल पुरळ उठले तर स्यूडोमोनास या जिवाणूची शंका घ्या. पाण्यात क्लोरीन कमी पडला होता, असा बहुधा त्याचा अर्थ. त्याहून गंभीर लेजिओनेला, न्यूमोनिया करणारा जिवाणू: तो कोमट पाण्यात, पाइपातल्या बुळबुळीत थरात वाढतो आणि जेटच्या तुषारांतून श्वासात जातो. टब बंद करा. फिल्टर टाकून द्या. पाणी काढून, पृष्ठभाग घासून, पुन्हा भरून २० पीपीएम क्लोरीन दहा तास टिकवा, दर तासाला मोजत. मग ते पाणीही काढा. ताप-खोकला असेल तर डॉक्टरांना हॉट टबबद्दल आवर्जून सांगा.

ऋतू आणि फिल्टर

एप्रिल-मेमध्ये पुण्यात टब हीटरशिवायच तापतो. पंपाची उष्णता इन्सुलेशनमुळे आत राहते, बाहेर चाळीस अंश, आणि पाणी ४० च्या वर सरकतं. ४० च्या वर बसायचं नाही. गाळण्याचे तास कमी करा, ते रात्री ठेवा, संध्याकाळी झाकण उघडा. या दिवसांत बाष्पीभवनाने घटलेलं पाणी बोअरने भरत राहिलात तर दर वेळी थोडा क्षार वाढतो, कारण उडतं फक्त पाणी. वरची भर शक्यतो नळाची घाला. पावसाळ्यात झाकणाखालून शिरलेलं पावसाचं पाणी अल्कलिनिटी आणि कॅल्शियम उतरवतं. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा अल्कलिनिटी बघा. वीज गेली की पंप थांबतो आणि कोमट पाण्यात क्लोरीन संपतो. चार-पाच तासांहून जास्त वेळ वीज नसेल तर आल्याबरोबर मोजायचं.

फिल्टर आठवड्याला पाइपच्या धारेने, घड्या वेगळ्या करत धुवा. प्रेशर वॉशरने कापड फाटतं. महिन्याला तेल काढणाऱ्या फिल्टर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवा. अ‍ॅसिडमध्ये आधी बुडवलंत तर तेल कापडात पक्कं बसतं. तेल आधी काढायचं, चुना नंतर. दोन फिल्टर आलटून-पालटून वापरा, एक पूर्ण वाळेपर्यंत दुसरा.

पाणी कधी आणि कुठे काढायचं

लिटरना ११ ने भागा, आलेल्या आकड्याला रोजच्या सरासरी माणसांनी भागा. १,२०० लिटर आणि रोज दोन माणसं, तर सुमारे ५५ दिवस. मुळशी-पानशेतच्या भाड्याच्या बंगल्यात शनिवार-रविवारी मिळून २८ माणसं बसत असतील तर रोजची सरासरी ४, म्हणजे पाणी चार आठवड्यांत संपलं. वापर कितीही कमी असला तरी चार महिन्यांच्या पुढे ओढू नका.

काढायच्या आदल्या रात्री पाइप साफ करायचं द्रव टाका. फिल्टर आणि उश्या बाहेर, सगळे जेट आलटून-पालटून सुरू. वर तपकिरी-राखाडी फेस आणि तुकडे येतील; तो पाइपातला थर. पहिल्यांदा पाहिला की लोकांना धक्का बसतो, पण नुसतं पाणी बदलून हा थर जात नाही आणि नव्या पाण्यातला क्लोरीन तोच खात राहतो. फेस पुसून काढा, हीटर आणि मेन स्विच बंद, मग पाणी सोडा.

पाइप-क्लीनर टाकलेलं पाणी झाडांना घालू नका. एरवी थोडं पाणी उपसायचं असेल तर दोन दिवस क्लोरीन न टाकता झाकण उघडं ठेवा, किट शून्य दाखवेपर्यंत, आणि त्याने अंगण-गाडी धुवा. पूर्ण टब ड्रेनेजच्या लाइनला सोडा. पावसाळी गटारात सोडलेलं पाणी ओढ्यातून थेट मुळा-मुठेत जातं. सोसायटीचा स्वतःचा सांडपाणी प्रकल्प असेल तर आधी तिथल्या ऑपरेटरला विचारा. बाराशे लिटर क्लोरीनचं पाणी एकदम गेलं तर त्या टाकीतले काम करणारे जिवाणू मरतात. क्लोरीन शून्य करून, तास-दोन तास हळूहळू सोडलं तर त्यांनाही त्रास होत नाही. फार्महाऊसवर सेप्टिक टँक असेल तिथे तर हे पाणी सोडायचंच नाही, बांधाच्या कडेला मोकळ्या जमिनीत पसरून जिरवा, विहिरीपासून लांब.